टेपवर कुंकू टिकत नाही

— नाही, रतन इथे नसतो. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, आता तिसऱ्यांदा सांगतो, म्हणजे तुमचं समाधान होईल. पाटीवर नाव आहे, हो, ते आहे. पाटी उतरवायला शिडी लागते आणि शिडीवर चढायचं माझं वय राहिलेलं नाही, म्हणून आहे. माधव-रतन ऑटो. त्यातला माधव मी, आणि सध्या एवढाच माल शिल्लक आहे. तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार — खडकीला जा, दारूगोळ्याच्या कारखान्याची भिंत संपली की डाव्या हाताला गॅरेज आहे, रोटरी इंजिनाला हात लावणारा पुण्यात एकच माणूस, रतन. बरोबर ना? सगळे तेच विचारत येतात. बत्तीस वर्षं मी ह्याच शटरखाली उभा आहे, पण माधव आहेत का म्हणून आलेला माणूस मला अजून बघायचाय. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय मोडलाय. उभेच राहा, फार वेळ लागणार नाही.

आणि ती पेटी माझ्या टेबलावरून उचला आधी. काय आहे ते दिसतंय मला, झाकण उघडून दाखवायची गरज नाही. बाटली, पितळी व्हॉल्व्ह, लाल-निळ्या नळ्या, आणि वर इंग्रजीत लिहिलेलं चोपडं, ते तुम्ही वाचलेलं नाही. वाचलंय? संपूर्ण? मग पान सातवर काय लिहिलंय? — हां. नायट्रस वायू बसवायचाय म्हणे, गाडी जास्त पळावी म्हणून. कुठे बसवायचाय, तर त्या बाहेर उभ्या असलेल्या लाल गाडीत, जी तुम्ही समोरच्या दवाखान्याच्या दारात आडवी लावली आहेत, म्हणजे पेशंटने उडी मारून आत जावं. वाकडहून आलात ना? नंबरावरून नाही हो, बोलण्यावरून कळतं. ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसायचं, शनिवार-रविवारी फोनवर परदेशातली पोरं गाड्या उडवताना बघायची, आणि सोमवारी पेटी घेऊन माझ्याकडे यायचं.

एक विचारतो. तुमच्या ह्या इंजिनात पिस्टन नाही हे तरी माहीत आहे? माहीत आहे. शाबास. मग काय आहे? — रोटर आहे, तिकोनी, बरोबर, आणि त्या त्रिकोणाच्या तिन्ही टोकांवर काय असतं? — सील. नुसतं सील म्हणून चालत नाही. पट्टी असते, चार बोटं लांब आणि दोन मिलिमीटर जाड. बस्स, एवढ्याशा पट्टीवर अख्खं इंजिन उभं आहे. ती भिंतीला घासत फिरते, मिनिटाला काही हजार वेळा, आणि जोवर तिला तेल मिळतंय आणि आत आग वेळेवर लागतेय तोवर ती काही म्हणत नाही. पण आत एकदा ठोका बसला — वेळेआधी भडका उडाला, कळतंय का — की ती तुटते, आणि तुटलेला तुकडा आत फिरून सगळ्याची वाट लावून बाहेर पडतो. साध्या गाडीचा पिस्टन दोन-चार ठोके खाऊन घेतो, तक्रार करत करत चालतो. रोटरी एकसुद्धा खात नाही. आणि नायट्रस काय करतो? नायट्रस जळत नाही, तो लोकांचा गैरसमज आहे, तो जास्तीचा प्राणवायू आत घेऊन येतो. मग त्या जास्तीच्या प्राणवायूला जास्तीचं पेट्रोल द्यावं लागतं, त्याच क्षणी, त्याच मापाने. पेट्रोल एक थेंब मागे राहिलं की ठोका. म्हणून रोटरीला दोन नळ्यांची पद्धत — एकीतून वायू, दुसरीतून पेट्रोल, दोन्ही एकाच तोंडातून आत. तुमच्या पेटीत पेट्रोलची नळी आहे का? दाखवा. — ती नाही, ती पाठीमागची, दाब सोडायची. नाहीये ना? मग तुम्ही एकच नळी घेऊन आलात. चांगलं केलंत. उद्याच्या उद्या इंजिन भंगारात टाकायचं असेल तर उत्तम पेटी आहे.

बाटली कुठे भरून घेतली? — बोला, लाजू नका. — वाटलंच. ऑपरेशनच्या टेबलाजवळ असतो तो वायू, कुणी ओळखीतल्याने दिला. अहो, गाडीसाठीचा वेगळा असतो, त्यात घाण वासाचं काहीतरी मिसळलेलं असतं, कुणी हुंगायला जाऊ नये म्हणून. तुमच्याकडचा वासाशिवाय. गळला तर काच बंद गाडीत तुम्हाला कळणारसुद्धा नाही, छान हसत हसत डुलकी लागेल, एक्स्प्रेस-वेवर. आणि ही बाटली तुम्ही आणलीत कशी? मागच्या सीटवर? बांधली होती का? — नायलॉनच्या दोरीने. मेच्या उन्हात, काचा बंद करून. तिच्या आत किती दाब असतो काही कल्पना आहे? आणि तो उन्हाबरोबर चढतो. म्हणून तिला एक पातळ चकती बसवलेली असते, दाब फार झाला की ती फुटावी आणि वायू बाहेर जावा, आणि त्या चकतीपासून एक नळी गाडीच्या बाहेर काढायची असते, बाहेर, सीटखाली नाही. ती आत्ता मला पेट्रोलची नळी म्हणून दाखवलीत ना, ती ही. लोक थंडीत दाब चढेना म्हणून बाटली शेगडीवर धरतात. हसू नका, धरलेली पाहिली आहे मी, गॅसच्या शेगडीवर, वांगं भाजतात तशी. तिला गरम करायचा विजेचा पट्टा मिळतो, दाबाच्या काट्यावर नजर ठेवून लावायचा, आणि बाटली चार बोल्टांनी डिकीच्या पत्र्याला ठोकायची, पत्र्याच्या खालून दुसरी पट्टी लावून. हे सगळं बसवल्यावर पहिली गोष्ट काय, तर रस्त्यावर चालवायची नाही. आरटीओला असली गाडी चालत नाही आणि मलाही चालत नाही. ट्रॅकवर. बंद ट्रॅकवर, हातात आग विझवायचं नळकांडं घेऊन एक माणूस उभा करून.

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला एवढं माहीत आहे तर तुम्हीच बसवून द्या ना. म्हणणारच होतात, तोंड उघडलंच होतं. नाही. मी बसवत नाही. बंद केलंय. चार वर्षं झाली. का बंद केलं ते तुम्ही ऐकलंच असणार, नाहीतर रतन गेला कुठे हे इतक्या नम्रपणे विचारलं नसतंत. — हो, तीच. दिग्विजयची गाडी. लाल नव्हती, पांढरी होती, बाकी हीच. बाणेरचा होता, बापाचा कारखाना चाकणला, पोरगा चांगला, आगाऊ पण चांगला. तळेगावच्या पुढे एका खासगी ट्रॅकवर पेटली. दुसऱ्या फेरीत. बॉनेटच्या खालून जाळ निघाला, गाडी कडेच्या टायरांवर जाऊन आदळली, दिग्विजयला पट्टा सुटेना. रतन धावला. मी नळकांडं घेऊन उभा होतो, तो मी माणूस, मी नळकांड्याची पिन काढेपर्यंत रतन पोचला होता. काढलं त्याने त्याला. दिग्विजयचा उजवा हात गेला, म्हणजे आहे हात, पण दोन बोटं सरळ होत नाहीत. चेहरा वाचला. इंजिनाचं काय झालं ते सांगायला नको, पट्टी तुटली, भडका उलटा तोंडातून बाहेर आला, त्या झटक्याने पेट्रोलची नळी निसटली, बाकीचं पेट्रोलने केलं. आणि ती पेट्रोलची लाइन रतनने बसवली होती. सगळ्या पुण्याला माहीत आहे की लाइन रतनने बसवली होती. झालं? मिळालं उत्तर? या आता.

— काय म्हणालात?

पुन्हा म्हणा. निष्काळजी? कोण, रतन? कुणी सांगितलं तुम्हाला? कुठल्या ग्रुपवर लिहिलंय? दाखवा मला तो फोन. — नको, दाखवू नका, मला चष्मा शोधावा लागेल आणि मग मी तो फोन ह्या तेलाच्या डब्यात टाकेन. तुम्ही रतनला पाहिलंय का कधी? आयुष्यात? नाही ना. मग तोंड सांभाळून. हा माणूस काम कसं करायचा ते मी सांगतो तुम्हाला, मग तुम्ही ठरवा निष्काळजी कशाला म्हणायचं ते.

आम्ही दोघंही कारखान्याच्या क्वार्टरमधले. माझे वडील हिशेबाच्या टेबलावर, त्याचे वडील आत, जिथे दारू भरतात तिथे. आत जाताना खिशातली आगपेटी गेटवर काढून ठेवायची, ते लोक. त्याच्या वडिलांची एक सवय होती — काही बंद करायच्या आधी, झाकण लावायच्या आधी, मोठ्याने विचारायचं, हात लावला का कुणी? आणि जो जो त्या खोलीत असेल त्याने तोंडाने उत्तर द्यायचं. मान हलवून चालायचं नाही. लावला असेल तर लावला म्हणायचं, कुणी रागवायचं नाही, फक्त ते काम पहिल्यापासून पुन्हा करायचं. घरीसुद्धा असंच, कुकरचं झाकण लावताना म्हातारा विचारायचा, आम्ही पोरं हसायचो. रतनने ती सवय इथे आणली. ह्या गॅरेजमध्ये कुठलीही लाइन बंद करायच्या आधी, ब्रेकची असो, पेट्रोलची असो, तो उभा राहून विचारायचा — हात लावला का कुणी? दोघंच असलो तरी विचारायचा. अठ्ठावीस वर्षं. आणि मी म्हणायचो, नाही रे बाबा, नाही लावला. आणि लावला असेल तर लावला म्हणायचो, आणि तो एक शब्द न बोलता सगळं खोलून पुन्हा धुवायचा. ह्याला तुम्ही निष्काळजी म्हणता.

दिग्विजयची गाडी त्याने दोन महिने घेतली. दोन महिने. पोरगा रोज फोन करायचा. मोठा डोस मागत होता, रतन म्हणाला पन्नास घोड्यांच्या वर एक घोडा देणार नाही, पटत नसेल तर गाडी घेऊन जा. थंड जातीचे प्लग टाकले. ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं, ह्या इंजिनाला एका रोटरला दोन प्लग असतात, त्यातला मागून पेटणारा आणखी मागे घेतला. इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या खाली असेल तर वायू सुटणारच नाही, वर ठरलेल्या आकड्याला आपोआप बंद, आणि पाय पूर्ण दाबलेला असेल तरच चालू — तीन स्विच, एकापुढे एक. पेट्रोलचा दाब पडला तर वायू तोडणारा चौथा. टाकीत टू-स्ट्रोकचं तेल किती टाकायचं ते सुईच्या मापाने. सुई म्हणजे इंजेक्शनची सुई, हसू नका. ह्या शहरात निम्म्या लोकांनी स्कूटरच्या टाकीत अंदाजाने तेल ओतून आयुष्य काढलं, पण ह्यात जास्त झालं तर तेच तेल ठोका आणतं, म्हणून सुई. आणि सगळ्यात शेवटी पेट्रोलची नळी. ती त्याने पेट्रोलने धुतली, हवा मारली, पुन्हा धुतली, खाली पांढरं फडकं धरून बघितलं कण पडतोय का. नाही पडला. मग दोन्ही तोंडांना टेप लावली. पिवळी, कागदी. नवमीचा दिवस होता तो.

रतन नवमीला दुपारच्या गाडीने नागपूरला जायचा. दरवर्षी. छप्पन साली त्याचा आजा तिथे होता, त्या गर्दीत, मग बाप जायचा, मग हा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत कामावर. आणि नवमीला माझी खंडेनवमी, सगळे पाने, जॅक, कॉम्प्रेसर पुसून ओळीने मांडायचे, हळद-कुंकू, फुलं, अक्षता. त्याचं त्याला, माझं मला. तो बाजूला उभा राहून चहा प्यायचा, मी झेंडू लावायचो, त्यावरून आमच्यात कधी शब्दाला शब्द लागला नाही. त्या वर्षी निघताना बॅग खांद्याला लावून तो एवढंच म्हणाला, दादा, कशालाही लावा काय लावायचं ते, ह्या दोन टेपांना तेवढं नको. दादा म्हणतो मला. दोन वर्षांनी मोठा आहे मी. मी म्हणालो, जा रे, गाडी चुकेल.

तर असा माणूस. असा माणूस निष्काळजी असतो का? नाही. मग झालं तर. त्याचा काही दोष नव्हता. त्याने नळी धुतली होती, टेप लावली होती, आल्यावर विचारलंही होतं. त्याने सगळं केलं.

— मग काय, काय? मग काही नाही. होतं असं. यंत्र आहे.

— तुम्हाला नसत्या चौकशा फार आहेत हो. ऑफिसात हेच काम करता का? — चुका शोधायचं काम. वा. कॉम्प्युटरमधल्या. छान. मग शोधा बघू. चार स्विच होते, चारही शाबूत. प्लग बरोबर. पेट्रोलचा पंप चालू, दाब पूर्ण. आणि तरी आत पेट्रोल कमी पडलं. कसं पडेल? — नाही. — नाही, पंप चालू होता म्हणालो ना. — हं. स्विचच्या पुढे. दाब मोजणारा स्विच जिथे आहे त्याच्या पुढे काही अडकलं तर स्विचला कळणार नाही. हुशार आहात. पानं वाचत नसलात तरी हुशार आहात. नळीच्या शेवटाला, अगदी तोंडाशी, एक पितळी जेट असतो, सुईच्या भोकाएवढा. त्याच्या अलीकडे काही येऊन बसलं तर दाब पूर्ण आणि पेट्रोल निम्मं.

काय येऊन बसेल? धुतलेल्या नळीत, टेप लावलेल्या नळीत काय येऊन बसेल?

टेपवर कुंकू टिकत नव्हतं. गुळगुळीत असते ती टेप, बोट लावलं की घसरायचं. आता तुम्ही सांगा, वर्षातलं सगळ्यात मोठं काम ते, दोन महिने ह्या जागेत दुसरं काही झालं नाही, आणि जॅकला कुंकू, पक्कडीला कुंकू, फुटक्या फनेललासुद्धा कुंकू आणि नेमकं त्यालाच नाही? माझी आई कपाट उघडून आतल्या फळीलासुद्धा लावायची. मला नाही पटलं. मी टेप काढली. जरा वेळ. नळीच्या पोलादी तोंडावर बोट टेकवलं, छान उठून दिसत होतं, मग सगळ्यावर एकदम अक्षता टाकल्या, हात जोडले, आणि टेप पुन्हा लावली. तीच टेप. दोन मिनिटं हो. दोन मिनिटंसुद्धा नाही. आमच्याकडे तांदूळ आंबेमोहोर असतो. आखूड दाणा, बारीक. बासमती असता तर गेला नसता नळीत, आडवा राहिला असता. मी चार वर्षं हाच विचार करतोय, बासमती असता तर.

तो तिसऱ्या दिवशी सकाळी आला. स्टेशनवरून सरळ, बॅग इथे टेकवली त्या टायरावर. दिग्विजय आधीच येऊन उभा होता, ट्रॅक दुपारचा ठरला होता, गाडी वाहून न्यायला ट्रकही आला होता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. रतनने हात धुतले, नळी उचलली, टेपवर बोट फिरवलं आणि विचारलं — हात लावला का कुणी?

मी नाही म्हणालो.

एवढंच. तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. तुम्ही काय म्हणाला असता? लावला म्हणालो असतो तर सगळं पहिल्यापासून, तीन तास, ट्रक परत, आणि त्याने एकच गोष्ट सांगितली होती अठ्ठावीस वर्षांत, एकच, की ह्या दोन टेपांना नको, आणि मी नेमकं तेच केलेलं. तो रागावला नसता. तेच तर, तो कधीच रागवायचा नाही, नुसता पाना घेऊन खोलायला बसला असता, आणि दिग्विजयने विचारलं असतं काय झालं, आणि मी सांगायचं कुंकू लावत होतो. म्हणून नाही म्हणालो. आणि आता विचारता आहात तर ऐका, त्या नळीवरचं, टेपच्या कडेबाहेर आलेलं कुंकू मी सकाळी तो यायच्या आधीच पुसलं होतं. बाकी सगळ्या पान्यांवर तसंच होतं. त्याच्यावरचंच पुसलं. चिंधीने. का पुसलं ते मला विचारू नका, मला माहीत नाही. माहीत आहे. जाऊ दे.

पहिल्या फेरीला दाणा नळीत कुठेतरी पडून असणार, गाडी तीरासारखी गेली, रतन माझ्याकडे बघून हसला. दुसऱ्या फेरीला तो जेटपाशी येऊन बसला.

पुढचे दोन दिवस रतन दिग्विजयच्या उशाशी होता, हाताला पट्ट्या बांधून. स्वतःच्या. गाडी इथे आणून टाकली होती. रविवारी दुपारी मी एकट्याने जेट खोलला. होता तिथे. पेट्रोलने बाकीचा धुतला गेला होता, पण एका टोकाला अजून लाल होता. तळहातावर घेतला मी. मग बाहेर पावलं वाजली, कुणी नव्हतं, समोरची वेणूबाई पाणी घेऊन चालली होती, पण मला वाटलं रतन आला, आणि मी तो तोंडात टाकला. चावला नाही. गिळला. दिवसभर तोंडाला पेट्रोलची चव होती.

संध्याकाळी तो खरंच आला. नळी बघितली, जेट बघितला, स्वच्छ. सगळं स्वच्छ. इथे खाली बसला आणि म्हणाला, दादा, मी धुतलीच नसेल नीट, नागपूरच्या गाडीची घाई होती मला. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, होतं असं कधीकधी. पाठीवर हात ठेवून म्हणालो. त्याने पाने पुसले, त्याचे त्याचे, ओळीने त्या पेटीत ठेवले, किल्ली मला दिली आणि गेला. आता येरवड्यात शिलाई मशिनं दुरुस्त करतो. पायाची. मोटार असलेलं मशीन आलं तर परत पाठवतो. सायकलवर फिरतो. दिग्विजयकडे दर महिन्याला जातो, त्याच्या बोटांचा व्यायाम करून घेतो, त्याचा बाप दारातून शिव्या घालतो त्या खाली मान घालून ऐकतो, आणि तिथून इकडे येतो, शटरच्या बाहेर कट्ट्यावर बसतो, आत येत नाही. मी चहा बाहेर नेतो. त्याच्या मुलीचं, निकिताचं लग्न ठरलं तेव्हा पहिली पत्रिका मला. आणि प्रत्येक वेळी जाताना एकदा म्हणतो, माझ्यामुळे तुमच्या गॅरेजचं नाव गेलं दादा. प्रत्येक वेळी. मी त्याला म्हणतो, सोड ते आता. मला त्याचा राग येतो हो. खरंच सांगतो, इतका राग येतो की वाटतं तो कप त्याच्या हातातून ओढून घ्यावा. कशाला म्हणतोस, कशाला दर वेळी म्हणतोस.

तर ह्यासाठी मी बसवत नाही. कळलं? तुमच्यासाठी नाही, तुमची गाडी पेटली काय आणि न पेटली काय. उचला ती पेटी. बाटली आधी मोकळी करून घ्या, उघड्यावर, भर वस्तीत नको, आणि पुन्हा त्या नायलॉनच्या दोरीने बांधलेली मला दिसली तर हवालदाराला मी स्वतः बोलावून आणेन.

— काय? कुणाला सांगणार? रतनला?

सांगा ना. मी अडवतोय का? येरवड्यात जा, कुणालाही विचारा, पायाच्या मशीनवाला रतन, दाखवतील. सांगा, माधवने टेप काढली, माधव नाही म्हणाला, माधवने दाणा गिळला. पण दाराशी उभे राहून सांगा, आत बसू नका. कारण तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो तुम्हाला बाहेर काढेल. माझ्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं त्याला आजही चालत नाही. हे आत्ता तुम्ही ऐकलंत, माझ्या तोंडून ऐकलंत, समोर उभं राहून, तरी तो तुम्हालाच खोटं ठरवेल.

— मी?

मी सांगितलं तर —

मी सांगितलं तर खरं मानेल. लगेच मानेल. माझ्या तोंडून आलेलं तो तपासून बघत नाही.

गाडी काढा दवाखान्याच्या दारातून. निघा.